पेटीबाईंचे पाय

माझ्या पायाला मुंग्या आल्या, एवढंच झालं होतं. चर्चमध्ये पाहुणे प्रचारक वेदीसमोर हात पसरून "ज्यांना प्रभूला जीवन द्यायचंय त्यांनी पुढे या" असं गहिवरून सांगत होते, आणि मी नेमका तेव्हाच पाय झटकायला उभा राहिलो.

"एक भाऊ उठला!" प्रचारक ओरडले.

आता भर सभेत "पाय झोपलाय हो" असं कसं सांगणार? निमूट लंगडत पुढे गेलो. लोकांना ते लंगडणंही पश्चात्तापाचं वाटलं. माझ्यामागे माझा बाक उठला, मग शेजारचा, आणि बघता बघता सगळी मंडळी वेदीपाशी गोळा झाली. त्यात गहिवरून किती उठले आणि एकटं बसायची लाज वाटून किती, ते प्रभूलाच ठाऊक.

बसून राहिला एकटा पेटीबाईंचा नवरा.

पेटीबाई म्हणजे आमच्याकडे पायपेटी वाजवणाऱ्या बाई. आठवडाभर शिलाई मशीनचं पायडल मारायचं आणि रविवारी पेटीचं. "बाई, पायांना सुट्टी कधी?" असं मी विचारलं की म्हणायच्या, "वर गेल्यावर. तिथे पंख देतात म्हणे." नवरा वेल्डर. पेटीचं मोडकं पायडल त्यानंच सांधून दिलेलं. दर रविवारी शेवटच्या बाकावर, टोपी गुडघ्यावर ठेवून, तो बायकोचं वाजवणं ऐकायचा. पुढे मात्र कधी आला नाही. "आतून हाक आली की येईन. ढकलाढकली कशाला?" बाई त्याच्यासाठी रोज गुडघे टेकून प्रार्थना करायच्या, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

"अजून एक आत्मा उरलाय," प्रचारक म्हणाले. "तो येईपर्यंत गीत थांबणार नाही. वाजवा, बाई."

बाई वाजवत राहिल्या. तेच कडवं संपायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं. कुणीतरी मागचं दार लोटून घेतलं. आम्ही सगळे वळून त्याच्याकडे बघत होतो. सगळी त्याच्या ओळखीचीच माणसं, आणि सगळ्यांच्या तोंडावर एकच हसू. इतकं प्रेमळ हसू एका वेळी बघून माझ्या अंगावर काटा आला.

वेल्डर ज्यांच्या कारखान्यात कामाला होता, ते मालक आमच्या मंडळीचे पंच. ते सावकाश चालत मागे गेले, त्याच्या शेजारी बसले, खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्या कानाशी बोलू लागले. पेटीच्या आवाजात शब्द कळत नव्हते. बघणाऱ्याला वाटावं, प्रार्थनाच चाललीय. वेल्डरची मान खाली खाली जात होती. मग त्यानं एकदा बायकोकडे पाहिलं, टोपी उचलली आणि समोरच्या बाकाला धरून उठू लागला.

बाईंचे पाय थांबले.

पेटी कण्हत गप्प झाली, आणि त्या शांततेत मालकांचं वाक्य सगळ्यांना ऐकू आलं.

"...नाहीतर उद्या कामावर येऊच नकोस."

वेल्डर अर्धवट उठलेला तसाच राहिला. मालकांचा हात खांद्यावरून निघायचं विसरला.

"वाजवा, बाई," प्रचारक म्हणाले. आवाजात आता गहिवर नव्हता.

बाईंनी पेटीचं झाकण लावलं. वेल्डर खाली बसला.

पुढच्या रविवारी त्या झाकणाला कुलूप होतं. वेल्डरचं काम गेलेलं होतं. बाईंकडे शिवायला टाकणाऱ्या बायका रस्त्यात भेटल्या की हसायच्या, तेच हसू, आणि कपडे दुसरीकडे टाकायच्या.

मी पँट आखूड करून घ्यायच्या निमित्तानं त्यांच्याकडे गेलो. माझी उंची काही कमी झाली नव्हती, पण जायला कारण हवं. वेल्डर खिडकीची धडधाकट कडी पुन्हा पुन्हा दुरुस्त करत होता. बाहेर कुणाची पावलं थबकली की दोघंही हातातलं काम थांबवून ऐकायचे.

पावलं पुढे गेली, मशीन सुरू झालं, तेव्हा मी हळूच विचारलं, "बाई, इतकी वर्षं प्रार्थना केलीत. तो उठतच होता की. त्यानं पुढे यावं असं वाटत नव्हतं का तुम्हाला?"

मान वर न करता बाई म्हणाल्या, "वाटत होतं, म्हणूनच थांबले."