लेलंडची जुनी गाडी आणि नव्वद गोऱ्हे

नेब्रास्कातल्या आमच्या वाळूच्या टेकड्यांवर ऑगस्ट सरत आला की गवत सोन्यासारखं दिसतं, पण त्यातला कस निघून गेलेला असतो. मग जो तो आपल्या गोऱ्ह्यांना मक्याचा भरडा चारतो. लेलंड क्रीझइतका मोजून मात्र कुणी चारत नाही. भरडा जास्त झाला की गोऱ्हे चरणं सोडतात आणि घरजावयासारखे फाटकाशी बसून राहतात. म्हणून लेलंड त्यांना सकाळभर चरू देई आणि बरोबर तीनला भरडा लादलेली आपली जुनी पिकअप खडखडवत कुरणात नेई. तो खडखडाट ऐकला की टेकड्यांआडून नव्वद गोऱ्हे धावत येत.

त्याच्या बायकोला, आर्लिसला, त्या गाडीची लाज वाटे. गोऱ्हे विकायच्या आदल्या दिवशी, व्यापाऱ्यासमोर तरी शोभा नको म्हणून, तिने ती टपालवाल्या ड्वेनला देऊन टाकायला लावली. दारात नवी गाडी आली. अगदी मुकी.

सकाळी कोंडवाड्यापाशी ट्रक येऊन उभे राहिले. बारापर्यंत गोऱ्हे चढले नाहीत तर रिकामे नेईन, असं व्यापाऱ्याने बजावलं. लेलंड भरडा घेऊन नव्या गाडीतून कुरणात गेला. गोऱ्ह्यांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. त्याने भोंगा वाजवला, बादली वाजवली, शेवटी उतरून विनवण्या केल्या. घोड्यांवरून हाकावं, तर पळवलेल्या गोऱ्ह्याचं वजन उतरतं आणि विक्री वजनावर.

अकराला रस्त्यावर खडखडाट झाला. नव्वद गोऱ्हे उधळले आणि कुंपणाच्या कडेने टपालाच्या मागे लागले. घाबरून ड्वेनने वेग वाढवला. खडखडाट वाढला, तसा गोऱ्ह्यांचा वेगही वाढला. लेलंडने नवी गाडी रस्त्यावर आणून आडवी घातली.

"ड्वेन, जरा कोंडवाड्यात चल रे."

"काका, सरकारी टपाल आहे माझ्याकडे."

"मग माझं टपाल आज कोंडवाड्यात आणून दे."

ड्वेन काचा चढवून गोगलगायीसारखा निघाला, मागे अख्खी वरात. बाराच्या आत ट्रकांची दारं लागली. शेवटचा गोऱ्हा ड्वेनची काच चाटत होता, त्याला ओढून न्यावं लागलं.

आर्लिस गाडीपाशी गेली. "ड्वेन, बाबा, ती नवी घे आणि हा खटारा आम्हाला परत दे."

तिचं बोलणं संपायच्या आत ड्वेन नव्या गाडीतून दिसेनासा झाला. टपाल जुन्या गाडीतच राहिलं. त्या दिवशी आम्हा सगळ्यांची पत्रं लेलंडने वाटली, आणि प्रत्येक दारात थांबून सांगितलं, की भरडा मोजून चारला पाहिजे.