दोन माणसांची केबिन

तमाम पुणेकरांना, त्यातही सोलापूर रस्त्याने रोज जीव मुठीत धरून जाणाऱ्यांना, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की दोन माणसांच्या मालवाहू पिकअपच्या केबिनमध्ये दोन अॅम्प्लिफायर बसत नाहीत. कृपया कोणीही पुन्हा प्रयत्न करू नये. हा शोध लावताना एका कसबी माणसाचा दीड महिना आणि एक अख्खं दुकान खर्ची पडलं आहे. कोणत्याही वर्तमानपत्राने त्याची दखल न घेतल्यामुळे ती जबाबदारी माझ्यासारख्या सीट कव्हर शिवणाऱ्या माणसावर येऊन पडली आहे.

तो कसबी माणूस म्हणजे शब्बीरभाई. हडपसरला माझ्या दुकानाला लागून त्यांचं गाड्यांमध्ये साउंड सिस्टिम बसवायचं दुकान होतं. खाली दहा बाय बाराचा गाळा, वर पोटमाळा, आणि पोटमाळ्यावर स्वतः शब्बीरभाई. बायको गेल्यावर भाड्याची खोली सोडून ते तिथेच राहायला आले होते. जन्म पुण्यातला, मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ, आणि जिभेला धार अशी की आपण कापले गेलो आहोत हे गिऱ्हाइकाला घरी पोचल्यावर कळायचं. एका तरुणाने एकदा छाती फुगवून विचारलं की ह्या सिस्टिमचा आवाज कुठपर्यंत जाईल. शब्बीरभाई वायर सोलता सोलता म्हणाले, "पोलीस चौकीपर्यंत. पुढे तुम्ही स्वतः जाल."

त्यांची कामाची एक रीत होती, आणि ती पाहून नवा माणूस हमखास बिथरायचा. गाडी आली की ते हत्याराला हात लावत नसत. आधी पुठ्ठा. जो अॅम्प्लिफायर बसवायचा, त्याच मापाचं पुठ्ठ्याचं खोकं ते कापून, चिकटवून तयार करायचे आणि गाडीत ठरलेल्या जागी टेपने घट्ट बसवायचे. मग गिऱ्हाइकाला सांगायचे, "आठ दिवस ह्याच्याबरोबर संसार करा. पटलं तर खरा आणू."

आठ दिवसांनी ते पुठ्ठा काढून उन्हात धरायचे आणि हात बघणाऱ्या ज्योतिष्यासारखे वाचायचे. इथे दबलंय, म्हणजे डावा गुडघा. हा ओरखडा चपलेचा. एकदा माझ्यादेखत एका सद्गृहस्थाला म्हणाले, "ही खोच बाईसाहेबांच्या पर्सची आहे, आणि त्या दिवशी त्या रागात होत्या." सद्गृहस्थ पांढरे पडले. हिंजवडीचा एक इंजिनिअर म्हणाला की हे सगळं कॉम्प्युटरवर दहा मिनिटांत मोजता येतं. शब्बीरभाईंनी शांतपणे विचारलं, "कॉम्प्युटरला गुडघे आहेत का?" तो आठ दिवस पुठ्ठा घेऊन मुकाट हिंजवडीला जात-येत राहिला.

पण गेल्या दोन-तीन वर्षांत पुठ्ठे कापायची वेळच येईना. नव्या गाड्या कारखान्यातूनच भला मोठा पडदा छातीवर लावून येतात. त्यातली एक वायर तोडली की वॉरंटी गेली. शब्बीरभाईंकडे लोक यायचे ते मोबाइल अडकवायचा स्टँड मागायला. गाळ्याच्या मालकाला तिथे मोमोचं दुकान हवं होतं. हिंजवडीला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहणारी त्यांची मुलगी, शाहीन, दर रविवारी फोन करून म्हणायची की अब्बा, आता पुरे, इकडे या. ते दर वेळी ईद झाली की बघू म्हणायचे. पुण्यात सणांना तोटा नसल्यामुळे ईद संपली की ते दिवाळीचं नाव सांगायचे.

अशात लोणी काळभोरकडून बाळू आला. तो तिथल्या एका नर्सरीची रोपं स्वतःच्या छोट्या पिकअपमधून सोसायट्यांना पोचवायचा. त्याच्या शेजारच्या सीटवर त्याचे वडील बसलेले. सगळे त्यांना आबा म्हणत. आबांचा डावा गुडघा कायमचा ताठ झालेला होता, पाय सरळ पुढे. कान जवळजवळ गेलेले. घरातली सगळी कामावर जातात, एकटे राहिले की आबा पडतात, म्हणून बाळू त्यांना सकाळपासून गाडीतच घेऊन फिरे. थोडक्यात, आबांचं घर ती केबिन.

आबा उमेदीच्या काळात गावच्या भजनात पखवाज वाजवत. त्या भजनाचं एक रेकॉर्डिंग बाळूच्या मोबाइलवर होतं. ते आबांना गाडीत ऐकवायचं म्हणून चुलतभावाच्या जुन्या गाडीतून निघालेले दोन अॅम्प्लिफायर घेऊन तो आला होता, शाळेच्या दप्तराएवढा एकेक. शब्बीरभाईंनी आधी स्वतःकडचा एक लहानसा गाडीत लावून दाखवला. इंजिन चालू, गाणं चालू, आणि आबा अत्यंत नम्रपणे म्हणाले, "लावा की आता."

मग त्यांनी दुकानातल्या टेबलावर ते दोन दांडगे जोडले आणि आबांचा तळहात स्पीकरच्या खोक्यावर ठेवला. पहिली थाप पडली तशी काचेच्या कपाटातले स्टँड थरथरले. आबांचा दुसरा हात हळूच ताठ मांडीवर गेला आणि बोटं चालायला लागली. बरोबर ठेक्यात. ऐकू येत नव्हतं, अंगाला कळत होतं. शब्बीरभाईंनी चष्मा काढून पुसला, आणि मी ताबडतोब कात्री शोधायला माझ्या दुकानात गेलो, जी माझ्या खिशातच होती.

त्या दिवशी शब्बीरभाईंनी मुलीला फोन करून सांगितलं की एक पिकअप करतो आहे, ही एकदा वाजली की नर्सरीवाल्यांच्या सगळ्या गाड्या इथे येतील, मी कुठेही येत नाही. मला फोनवरचं पलीकडचं बोलणं ऐकू आलं नाही, पण ते बराच वेळ 'हो' म्हणत होते. शेवटी ठरलं की पिकअप झाली तर राहायचं, नाही झाली तर पुढच्या महिनाअखेर गाळा सोडायचा.

आता त्या केबिनचा भूगोल सांगतो. इंजिन सीटच्या खालीच, त्यामुळे सीटखाली जागा म्हणजे तवा. सीटमागे चार बोटांची फट, तिच्यात चपटा स्पीकर कसाबसा गेला, तोही मी सीटचा फोम आतून कोरून दिला तेव्हा. मागे रोपांच्या हौद्यात ठेवावं तर नर्सरीचं पाणी पिऊन अॅम्प्लिफायर आठवड्यात वारला असता. "ह्यांना श्वास लागतो," शब्बीरभाई म्हणायचे, "चारी बाजूंनी. आपल्याला नाही मिळाला तरी चालतो."

पहिले पुठ्ठे छताला लागले. आठ दिवसांनी बाळू मान वाकडी करून आला आणि पुठ्ठ्यावर त्याच्या डोक्याचा साचा उमटलेला. त्यात प्रत्येक गतिरोधकाची नोंद होती. दुसरे पुठ्ठे डॅशबोर्डवर, काचेपाशी. ते तीन दिवसांत उन्हाने असे वळले की शब्बीरभाई म्हणाले, "पुठ्ठ्याचा पापड झाला. अॅम्प्लिफायरचं भजं होईल." तिसरे, दोन्ही सीटांच्या मधे. हँडब्रेक ओढताना बाळूचा हात दर वेळी त्यांच्यावर आपटायचा. एका चढावर तो म्हणे ब्रेक न लावता नुसताच प्रार्थना करत उभा राहिला.

एव्हाना ह्या खटपटीला महिना होत आला होता. शब्बीरभाई जेवायचे कमी आणि मोजायचे जास्त. एक दिवस बाळू रोपं उतरवून गाडी आमच्या दारात लावून गेला, तर हे दिवसभर त्या केबिनमध्ये आबांच्या शेजारी बसून राहिले. दोघं बोलत नव्हते. आबांना ऐकू येत नव्हतं आणि शब्बीरभाईंना सुचत नव्हतं. संध्याकाळी खाली उतरले ते मला म्हणाले, "अहो पाटणकर, एक जागा आहे. पण तिथे पाय आहे."

डाव्या बाजूला, सीटच्या पुढे, खाली. वारा येतो, पाणी येत नाही, ऊन लागत नाही. नेमका आबांचा ताठ पाय तिथे. आबांना खुणांनी समजावलं, तर त्यांनी दोन्ही हातांनी आपला पाय लाकडाच्या ओंडक्यासारखा उचलला, टाच वर डॅशबोर्डच्या कडेला टेकवली आणि म्हणाले, "बसतंय की. म्या राहीन असा." शब्बीरभाईंनी पुठ्ठे बसवले.

आठ दिवस ते रोज विचारत होते, बाळूचा फोन आला का. फोन आला नाही, म्हणजे सगळं ठीक, असं मीच त्यांना ठोकून देत होतो. मी तर मनातल्या मनात नर्सरीवाल्यांच्या गाड्यांची रांगही लावून टाकली होती आणि प्रत्येक गाडीला नवी सीट कव्हरं घातली होती.

आठव्या दिवशी गाडी आली. आबा पाय वर करून बसलेले, चेहरा प्रसन्न. काही त्रास नाही ना, असं शब्बीरभाईंनी हातवारे करून विचारलं. "काय बी न्हाई," आबा म्हणाले, "आराम हाय." शब्बीरभाईंनी पुठ्ठे काढले आणि सवयीने उन्हात धरले. बराच वेळ धरले. उलटे केले, सुलटे केले. मी पुढे होऊन पाहिलं. एकही दाब नव्हता. ओरखडा नव्हता. टाचेची धूळसुद्धा नव्हती. पुठ्ठे जसे दिले तसे कोरे परत आले होते.

आयुष्यात कोरा पुठ्ठा त्यांच्याकडे कधी आला नव्हता. त्यांनी खाली वाकून आबांची विजार घोट्यापासून थोडी वर केली. पाऊल सुजून चकाकत होतं. लोणी ते हडपसर, हडपसर ते खराडी, खराडी ते परत लोणी, आठ दिवस त्या म्हाताऱ्याने पाय उचलून धरला होता, पुठ्ठ्याला धक्का लागू नये म्हणून.

"ही गाडी माझ्याच्याने होणार नाही," शब्बीरभाई बाळूला म्हणाले. त्यांच्या तोंडून हे वाक्य मी प्रथमच ऐकलं. बाळू पडत्या आवाजात म्हणाला की भाई, आबांनीच मला न सांगायची शपथ घातली होती. मग मी एकेक अॅम्प्लिफायर उचलून मागच्या हौद्यात, तुळशीच्या रोपांशेजारी ठेवला. आबांना काय चाललंय ते कळेना. कळलं तेव्हा त्यांनी पाय पुन्हा उचलून दाखवला, दोनदा.

त्या रात्रीच शब्बीरभाईंनी मुलीला फोन केला. मी शटर लावत होतो. ह्या वेळी 'हो' एकदाच ऐकू आलं.

महिनाअखेर सामान न्यायला बाळूच आला, आपणहून. शाहीनने घरी जागा नाही म्हणून एक पेटी आणि एक पिशवीच आणायला सांगितली होती. बाकी सगळं, चाळीस वर्षांच्या वायरी, स्पीकर, चिकटपट्टीची बंडलं, सकाळीच भंगारवाला घेऊन गेला होता. मालकाचा माणूस मोमोच्या दुकानासाठी मापं घेत होता, मोजपट्टीने, भराभर. शब्बीरभाईंनी त्याला एक टोमणासुद्धा मारला नाही, आणि मला तेव्हा खरी भीती वाटली.

मी चार वाक्यांचं निरोपाचं भाषण पाठ करून ठेवलं होतं. ते म्हणाले, "अहो पाटणकर, राहू द्या," आणि पिकअपच्या डाव्या दाराशी जाऊन उभे राहिले. दार उघडलं. आत आबा, त्यांचा सरळ पाय, आणि पायाच्या सुजेसाठी मधे ठेवलेली उशी. हौद्यात पेटी चढली होती. बाकीचा हौदा रोपांनी काठोकाठ भरलेला. बाळू स्टिअरिंगपाशी बसून नुसता समोर बघत होता. शब्बीरभाई पिशवी छातीशी धरून तसेच उभे. बहिऱ्या माणसाला आपण कुजबुजतो आहोत असं वाटतं. आबा मुलाच्या कानाशी वाकले आणि बसस्टॉपवरची सगळी माणसं वळून बघतील अशा आवाजात म्हणाले, "बाळ्या, समदं बसलं, पर ह्यांना कुटं ठिवायचं?"