नवकंकरीतली एक चाल

परवा लातुरात चिंच फोडत बसलेल्या बायांजवळून जाताना तो आंबटसर वास आला आणि चाकूरजवळच्या आमच्या गावातला महादेवाच्या देवळाचा ओटा आठवला. गार फरशीवर कोरलेली नवकंकरी, अप्पांचे नऊ चिंचोके, माझे नऊ खडे. तीन एका ओळीत आले की समोरच्याचा एक उचलायचा. या खेळात अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गावात कुणी हरवत नव्हतं.

घरात कॉलेज शिकलेली मी पहिली आणि त्याचा मला ताठा फार. नांदेडला शेवटच्या वर्षी मी कॉम्प्युटरकडून नवकंकरी पूर्ण सोडवून घेतली होती. डाव कुठंही असो, पुढची बिनचूक चाल तो सांगायचा.

सुट्टीत गावी आले आणि अप्पांकडून दोन डाव हरले, तेव्हा शेजारचे शिवामामा म्हणाले, "काय गं, एवढं शिकून बी अप्पालाच हरायलीस व्हय?" सगळे हसले.

तिसऱ्या डावाला मी कॉम्प्युटरची ती सगळी उत्तरं भरलेला मोबाइल ओढणीखाली धरला. तो सांगेल तसा खडा सरकवत गेले. अप्पा हरले.

त्यांना राग आला नाही. "बघा, माझ्या लेकीचं डोकं!" असं ते सगळ्यांना सांगत सुटले. मग जवळ सरकून हळूच म्हणाले, "माय, हातातली ओळ सोडून तू कोपऱ्यात का गेलीस? मला बी शिकीव की."

ते मलाच माहीत नव्हतं. मी म्हणाले, "अप्पा, तुम्हाला नाही कळायचं ते."

"हाव, ते बी खरंय," अप्पा म्हणाले.

त्यांनी वाद घातला असता, तर कदाचित मी खरं सांगून टाकलं असतं.