कंबरेची दोरी

हे मी लेकीलाही सांगितलेलं नाही. सुनेला तर नाहीच. चौथीपर्यंत शिकले, तेवढ्यावर जमेल तसं लिहिते.

नाशिकला एका डिझाइनच्या कॉलेजात मी झाडलोट करायचे. त्याआधी निम्मं आयुष्य विंचूरला गेलं, खळ्यावर कांदा निवडण्यात. तिथं शिकवणाऱ्या मॅडमना ते ठाऊक होतं. म्हणून एकदा त्यांनी माझ्या हातातला झाडू ठेवायला लावला आणि पोरांच्या टेबलाशी मला खुर्ची दिली. चहाही दिला — पोरांच्याच कपात.

कांदा निवडणाऱ्या बायांना बुडाखाली घ्यायला एक बैठक बनवायची होती. एकट्यानं नाही, सगळ्यांनी मिळून. ज्याला जे सुचेल ते चिठ्ठीवर लिहून भिंतीला लावायचं. कुणाच्या चिठ्ठीला नाही म्हणायचं नाही, हसायचं नाही. तिच्यात आपली भर घालायची. मला ते आवडलं होतं — खोटं कशाला बोलू?

नामपूरची एक पोरगी होती, सुरेखा. फार बोलायची नाही. बोलण्यात 'आहे'च्या जागी तिकडचं 'शे' आलं की पोरं गालात हसायची. त्या दिवशी तिनं चिठ्ठी लावली — बैठक कंबरेलाच बांधायची, बाई सरकली की तीही सरकेल.

"म्हणजे शेपूटच की," एक पोरगा म्हणाला. सगळं टेबल हसलं. मॅडमनी त्याला दटावलं.

"मनी माय गोणपाट बांधस..." सुरेखा बोलता बोलता थांबली. मग माझ्याकडे वळली. "मावशी, तुम्हीही बांधायच्या ना?"

बांधायचे. आम्ही सगळ्याच बांधायचो. गोणपाटाची घडी बुडाखाली, दोरी कंबरेला — हात मोकळे राहतात, ढिगाकडे सरकता येतं. एवढंच तर सांगायचं होतं. पण पोरं अजून हसत होती, आणि आता ती माझ्याकडे बघून हसतील एवढंच माझ्या डोक्यात होतं. ती खुर्ची, तो कप — सोडवेना.

"नाही बाई," मी म्हणाले. "आम्ही काय जनावरं होतो?"

तिच्या आईला जनावर म्हणाले. दुसरं काय म्हणाले मी?

मॅडम तरी पुढे काय बोलणार? खळ्यावरची बाईच नाही म्हणत होती. सुरेखानं चिठ्ठी काढून मुठीत चुरगाळली. पुढे बैठक म्हणून लाकडी पाट झाला. त्या भिंतीवर तिची चिठ्ठी मला पुन्हा दिसली नाही. दुसऱ्यांच्या खाली पडलेल्या तेवढ्या ती उचलून चिकटवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलाखाली वाकून झाडत होते. ब्लाउज वर सरकला असावा. माझ्या कंबरेला, परकराच्या नाडीच्या वर, दोरी घासून पडलेला काळा पट्टा आहे. जुना. जात नाही. मागे सुरेखा उभी होती. तो पट्टा कशाचा, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

पोरं आत येत होती. तिनं माझा खोचलेला पदर सोडवला, पाठीवरून ओढून पट्टा झाकला, आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

तिनं कुणाला सांगितलं नाही. मॅडम रोज समोर असायच्या. मीही सांगितलं नाही.