अंजिराच्या उत्तरेला

राज्याच्या पर्यावरण खात्याचा एक नियम होता. दूषित जमिनीवर काही बांधायचं असेल तर साफसफाईचा आराखडा गावापुढे मांडायचा, महिनाभर लेखी हरकती घ्यायच्या आणि प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्यायचं. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. हा नियम करणाऱ्याची एर्सिलिया सांतोपिएत्रोशी ओळख नसावी.

एर्सिलिया ब्याऐंशी वर्षांची. अमेरिकेत, कनेक्टिकटमधल्या त्या नदीकाठच्या गावात अख्खी गल्ली तिला तोंडावर झिया, म्हणजे इटालियनमध्ये मावशी, म्हणायची. पाठीमागे काय म्हणायची तेही तिला ठाऊक होतं. तिच्या कुंपणापलीकडे बंद पडलेला बटणांचा कारखाना होता. तिचा नवरा ओटावियो तिथे पितळी बटणांना मुलामा द्यायच्या खात्यात तीस वर्षं राबला आणि एक दिवस खोकत खोकत गेला. कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत त्याने लावलेलं अंजिराचं झाड मात्र जागेवर होतं. दर नोव्हेंबरात एर्सिलिया कुंपणाच्या भोकातून आत शिरून त्याला झोपवायची. दक्षिणेला चर खणायचा, मुळं सैल करायची, झाड चरात आडवं करायचं, जुन्या गालिच्यात गुंडाळायचं आणि वर माती लोटायची. एप्रिलमध्ये उठवायचं. तिकडच्या थंडीत अंजीर खायचं तर एवढे लाड करावेच लागतात.

आता तिथे घरं होणार होती. आराखड्यात लिहिलं होतं की वरची दोन फूट माती झुडपांसकट उचलून नेण्यात येईल. एर्सिलियाने चष्मा पुसून ते वाक्य पुन्हा वाचलं.

"झिया, फांद्या लाव की कुंडीत," शेजारची लॉरेटा म्हणाली. "गल्लीत सत्तावीस घरी तुझीच तर कलमं आहेत."

"मुलं सुखाने नांदताहेत म्हणून आईला उकिरड्यावर टाकू का गं?"

आणि ती लिहायला बसली. महिनाभरात तिने एक्केचाळीस हरकती धाडल्या. तिसरी अशी: तुमची माणसं त्या जागेतून आली आणि बूट न पुसता माझ्या पायरीवर उभी राहिली, ती माती दूषित की स्वच्छ? नववी: अंजिराला झुडूप म्हटल्याबद्दल माफी मागावी. उत्तरं द्यायचं काम डॅरल ओस्टरमन नावाच्या इंजिनियरच्या गळ्यात पडलं होतं. गरीब माणूस, कधी चिडला नाही. त्याने लिहिलं: "खात्याला खेद आहे. यापुढे झुडूप ऐवजी वृक्ष वाचावे."

बारावी हरकत मात्र थट्टेची नव्हती. माती तपासायला झाडाच्या उत्तरेला जे भोक पाडणार आहात ते मुळांवर येतंय, पंधरा फूट सरकवा. खात्याने सरकवलं.

ऑगस्टात डॅरल स्वतः फळं तपासणीला न्यायला आला.

"सहाच नेणार?" एर्सिलियाने विचारलं. "बारा ने. सहा तपास, सहा खा. गालफडं बघ जरा आपली."

"मिसेस सांतोपिएत्रो, ही खायची नसतात."

"साठ वर्षं खातेय मी."

"तेवढं लिहून पाठवू नका," डॅरल म्हणाला.

फळं स्वच्छ निघाली. खात्याने हात टेकले: वृक्ष राहील, त्याच्याभोवती दोन फूट नवी माती पडेल. गल्लीने टाळ्या वाजवल्या, लॉरेटाने घरची वाइन काढली. एर्सिलिया दोन दिवस इतकी फुशारून हिंडली की पाद्र्यालाही तिने कायदा शिकवला. तिसऱ्या दिवशी तिने निर्णयासोबत आलेला नकाशा उघडला. झाडाच्या उत्तरेला, अगदी लागून, दोन झोपाळे काढले होते. मुलांसाठी.

तिने नकाशा मिटला, पुन्हा उघडला. झोपाळे तिथेच होते.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, एका शनिवारी, सुटी असून ओटावियो कामावर गेला होता आणि हिरव्या डागांचे कपडे घेऊन परतला होता. तिने ते तीनदा धुतले. पुढच्या आठवड्यात त्याने तिथे अंजीर लावलं आणि बजावलं, "उत्तरेला कुदळ लावू नकोस. खडक आहे." तिने कधी दुसरा प्रश्न विचारला नाही. गेल्या तीन महिन्यांत एवढे प्रश्न विचारणारी बाई, पण तो एक नाही. तिला ओटावियोचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि स्वतःचा जास्त वेळ टिकला.

दुसऱ्या दिवशी तिने डॅरलला कुंपणापाशी गाठलं.

"ही बेचाळिसावी."

"मुदत संपली हो, मिसेस सांतोपिएत्रो."

"वाच."

त्याने वाचलं. "झाडाच्या उत्तरेला खणा. कारखान्याच्या साहेबाच्या हुकमावरून माझ्या नवऱ्याने तिथे मुलाम्याच्या रसायनांची पिंपं पुरली असावीत. त्याचं नाव ओटावियो सांतोपिएत्रो. झोपाळे दुसरीकडे टांगा."

"ते भोक सरकवायला तुम्हीच सांगितलंत," डॅरल हळू आवाजात म्हणाला. "तुम्हाला माहीत होतं?"

"खडक आहे एवढं माहीत होतं. माझा नवरा खडकाला घाबरणारा नव्हता, हेही माहीत होतं."

"झाड वाचणार नाही मग."

"लिहिलंय मीच, मला कळतं."

सात पिंपं निघाली, कुजलेली, थेट मुळांखाली. झाड न्यायच्या दिवशी सकाळी डॅरल कॉफी आणायला म्हणून गेला आणि तब्बल तासाने परतला. तोवर गल्लीतल्या चौघांनी दक्षिणेला चर खणला होता आणि झाड रीतसर झोपवलेलं होतं: आतून गालिचा, वरून काळा कोट, सुतळीने बांधलेला. यंत्रवाल्याने डॅरलकडे पाहिलं. डॅरल म्हणाला, "आहे तसं उचला."

दूषित मातीची प्रत्येक गाडी जाताना आत काय आहे त्याची पावती करावी लागते. त्या गाडीच्या पावतीची प्रत डॅरलने तिला टपालाने पाठवली. तीत लिहिलं होतं: माती, अंजीर वृक्ष एक, जुना गालिचा एक, जुना कोट एक.

एर्सिलियाने लगेच त्रेचाळिसावी हरकत लिहिली. गालिचा जुना होता, मान्य. कोट ओटावियोच्या लग्नातला होता आणि एकदाच घातलेला होता. दुरुस्ती व्हावी.

आठ दिवसांनी उत्तर आलं, शिक्क्यासह. हरकत मान्य. सोबत सुधारित पावती: माती, अंजीर वृक्ष एक, जुना गालिचा एक, कोट लग्नातला एक.