बुडणारी लोकर

बाळाबाईंनी जन्मात ट्राउट मासा पाहिला नव्हता. तरी सोलापुरातल्या एका शेडमध्ये बसून त्या त्याच माशासाठी गळावर किडे बांधत. पाण्याच्या तळाशी राहणाऱ्या किड्याच्या पिल्लाचं ते सोंग: बारीक गळ, पिसाची शेपटी, लोकरीसारख्या फरचं पोट आणि वरून रेशमाचे वेढे. परदेशी गिऱ्हाईक त्याला निम्फ म्हणे. बाळाबाई नुसतं पिल्लू म्हणत.

सांगोल्याच्या माळावर चाळीस वर्षं मेंढरं राखून त्या लेकीकडे राहायला आल्या होत्या. मालक शिवपुत्र यांनी त्यांना एका महिन्यापुरतं घेतलं होतं. पुढचं काम बघून ठरणार होतं. महिना संपत आला आणि नेमकी बाहेरून येणारी फर वाटेत अडकली. नमुन्याचे बारा डझन निम्फ तर शनिवारी पाठवायचे होते.

"आमच्या काळ्या मेंढराची लोकर हाय की!" बाळाबाई बोलून गेल्या. त्यांच्या मुलाने, बिरुदेवने, दुसऱ्याच दिवशी पिशवी पोचवली. शेडमधल्या सगळ्याजणी झपाट्याने बांधायला लागल्या.

शुक्रवारी सकाळी तपासणी करणाऱ्या सिद्धलिंगने पेल्यातल्या पाण्यात एक निम्फ टाकला. तो तरंगला. दुसराही तरंगला, तिसराही.

"मावशी, मासा तळाला वाट बघतोय आणि तुमचं पिल्लू वर होडीत फिरतंय!"

बायका खुदखुदल्या. शिवपुत्र हसले नाहीत. "उद्या काय पाठवू मी? आणि तुम्हाला तरी कशाच्या जोरावर ठेवू?"

बाळाबाईंचे कान तापले. त्या पेल्याकडे बघत राहिल्या. लोकरीवर पाणी मुरत नव्हतं, थेंब मोत्यासारखे बसले होते. असे थेंब त्यांनी खांद्यावरच्या घोंगड्यावर हजारदा पाहिले होते. मेंढराच्या अंगचं तेल लोकरीत राहिलं तरच घोंगडं पाऊस अडवतं, म्हणून ते तेल त्या कधी काढत नसत. इथंही सवयीप्रमाणे त्यांनी लोकर न धुताच बांधायला दिली होती.

"चूक माजी हाय, लोकरीची न्हाय," त्या उठल्या. "रिठं आणा. आन् ऊन पाणी."

"धुताना बांधलेलं सुटलं तर?" सिद्धलिंगने विचारलं.

"माजी गाठ? टाकून तर बघ!"

रिठ्याच्या फेसात किडे दोनदा खळबळून निघाले, मग पंख्याखाली सुकले. तीन वाजता सिद्धलिंगने पहिला सोडला. तो क्षणभर थबकला, पाणी प्याला आणि सरळ तळाला गेला.

"अजून टाक," बाळाबाई म्हणाल्या. "परतेक डझनातला एकेक टाक."

बाराही बुडाले. एकाचाही धागा सुटला नाही. मघाशी हसलेल्या बायकांनी टाळ्या पिटल्या.

तीन आठवड्यांनी गिऱ्हाइकाचं उत्तर आलं: ऑर्डर पक्की, आणि पुढेही हीच काळी लोकर वापरा, भिजल्यावर किडा जिवंत वाटतो. शिवपुत्र यांनी बाळाबाईंना खिडकीजवळची कायमची जागा दिली. त्यांनी बसल्या बसल्या मुलाला फोन लावला.

"बिरुदेवा, काळी मेंढरं इकू नकोस. परदेशातला मासा आपली लोकर खातोय!"