इंग्रजीत सांग त्याला

आमच्या विहीणबाईंइतका राग देवानं दुसऱ्या कुणाला दिला असेल असं मला वाटत नाही. इतरांना राग येतो आणि जातो. विहीणबाईंचा राग जात नाही, तो त्यांच्याच घरात राहायला आहे. सकाळी उठल्या की आधी त्या किटलीवर रागावतात, ती पाणी उकळायला वेळ लावते म्हणून. मग टीव्हीवरच्या हवामानवाल्या बाईवर, ती पाऊस सांगताना हसते म्हणून. इथं इंग्लंडात दुकानातलं आपलं सामान आपणच मशीनवर दाखवायचं असतं आणि चुकलं की मशीन बाईच्या आवाजात बोलतं. विहीणबाईंनी एकदा त्या मशीनला मराठीत विचारलं, "मला चोर म्हणतेस का गं?" आणि सगळं सामान तिथंच टाकून त्या घरी आल्या. त्या दिवशी आमच्याकडे जेवल्या आणि आमच्या आमटीवर रागावल्या.

मी नॉटिंगहॅमला मुलाकडे आले ती त्याचे वडील गेल्यावर. माझी शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी तर सोडाच, चार माणसांत मराठी बोलायलाही माझं तोंड उघडत नाही. लिहायला बरं वाटतं, कुणी तोंडाकडे बघत नाही. सूनबाई इथंच जन्मलेली, आणि विहीणबाई म्हणजे तिची आई. त्या आमच्याच गल्लीत राहतात. रिवाजानं मी मुलाची आई, म्हणून मान माझा. पहिल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या, "मान घ्या हो विहीणबाई, पण खुर्ची जरा सरकवा, मला कपाट उघडायचंय."

सूनबाई म्हणते, "मम्मी, तुझा आवाज खूप मोठी आहे." विहीणबाई तिच्या मराठीवरही रागावतात. पण हे सगळे चिल्लर राग. त्यांचा खरा राग राखून ठेवलेला आहे तो एका गोष्टीसाठी. गोऱ्या माणसाला "लाल तोंडाचं माकड" म्हणायची आपल्या लोकांत पद्धत आहे. कुणी "पांढरी पाल" म्हणतं, कुणी "कागदानं पुसणारे" म्हणतं. म्हणताना कुणी आवाज खाली करत नाही, कारण समोरच्याला कळत नाही. उलट त्याच्याकडे बघून हसत हसत म्हणतात, त्यातच खरी गंमत असते म्हणे.

एकदा आम्ही ट्राममधून बाजारात निघालो होतो. मागच्या बाकावर शिकायला आलेले आपले दोन मुलगे होते. तिकीट तपासणारा चढला तसा त्यातला एक म्हणाला, "आलं बघ लाल तोंडाचं माकड." विहीणबाई गर्रकन वळल्या.

"काय म्हणालास? आता इंग्रजीत सांग त्याला."

मुलगा पांढराफटक पडला. "काकू, जोक होता."

"जोक ना? मग त्यालाही हसू दे की. सांग!"

तिकीटवाला जवळ आला, "ऑल राइट, लव्ह?" म्हणाला. विहीणबाईंनी मुलाकडे बोट केलं. "ही हॅज समथिंग टू टेल यू." सगळी ट्राम बघायला लागली. मुलगा उभा राहिला, घाम पुसला आणि म्हणाला, "नाइस वेदर, सर." बाहेर धो धो पाऊस पडत होता. पुढच्याच स्टॉपला दोघं उतरले, छत्रीशिवाय.

याचा अर्थ विहीणबाईंना गोऱ्यांचा पुळका आहे असं कुणी समजू नये. बाजारात एक प्यालेला गोरा माझ्या अंगावर येऊन काहीतरी घाण बोलला होता. मला कळलं नाही, पण त्याच्या तोंडावरून कळलं. विहीणबाई कांद्यांची पिशवी फिरवत त्याच्या मागं धावल्या. पिशवी फाटली, कांदे रस्ताभर झाले, तो पळाला, आणि मग त्या कांद्यांवर रागावल्या. त्यांच्याकडे राग एकच आहे, तो दोन्हीकडे पुरतो.

आता लोकांचं बघा. कांद्यांची गोष्ट इथल्या मराठी मंडळात पोहोचली तेव्हा फोनवर फोन. "वाघीण आहेत तुमच्या विहीणबाई!" ट्रामची गोष्ट पोहोचली तेव्हा त्याच तोंडांनी म्हणायला लागले, "डोकं फिरलंय म्हातारीचं. गोऱ्यांची चमची." मला हे ऐकून इतका संताप आला की रात्री जेवण गेलं नाही. आपल्याला कुणी शब्दानं डिवचलं की आपण तक्रार करतो, मुलांना शिकवतो, महिनाभर बोलत राहतो. आणि आपण दुसऱ्याला डिवचलं की तो जोक?

माझ्या मुलानं मला समजावलं. "आई, दोन्ही सारखं नाही गं. त्यांनी आपल्यावर राज्य केलं. त्यांना आपल्या बोलण्यानं काय फरक पडतो?" तो शिकलेला आहे, त्यात काही खरं असेलही. विहीणबाई तिथंच मटार सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "राज्य केलं ते मातीत गेले, जावईबापू. तो बिचारा तिकीट तपासत होता."

विहीणबाईंचं वर्षातलं एकच मोठं काम, संक्रांतीचं हळदीकुंकू. गावातल्या झाडून सगळ्या मराठी बायका येतात. तिळाचे लाडू विहीणबाई स्वतः वळतात आणि ते असे होतात की दाताच्या डॉक्टरनं दारात बसावं. लाडू देताना सगळं जग म्हणतं, गोड बोला. विहीणबाई म्हणतात, "तिळगूळ घ्या आणि खरं बोला." पहिल्या वर्षी मी विधवा म्हणून स्वयंपाकघरात जाऊन बसले, तर दंडाला धरून बाहेर आणलं. "कपाळ आहे ना? मग कुंकू आहे." आणि माझ्याआधी त्यांनी कुंकू लावलं ते मॉरीनला.

मॉरीन त्यांची शेजारीण. गोरी, विधवा, दोघी तरुणपणी मोज्यांच्या कारखान्यात शेजारशेजारच्या मशीनवर होत्या. दर संक्रांतीला विहीणबाई तिला साडी नेसवतात आणि नेसवताना रागावतात, ती हलते म्हणून.

मागच्या संक्रांतीला हिरवी साडी नेसवली होती. खोलीत गर्दी, हीटर चालू, त्यात चिवडा झणझणीत. मॉरीनचा चेहरा लालबुंद झाला. मंडळातली एक बाई, पुण्याची, मोठ्या कंपनीत मॅनेजर आहे, ती तिच्याकडे बघून मोठ्यानं म्हणाली, "माकडीण तर नटली. आता कुणीतरी डमरू आणा!"

सगळ्या खो खो हसल्या. चांगल्या शिकलेल्या, पोरंबाळं असलेल्या बायका, तोंडाला पदर लावून हसल्या. आणि सगळ्या आपल्याकडे बघून हसताहेत म्हणून मॉरीनही हसली. तिला वाटलं साडीचं कौतुक चाललंय. दोन्ही हात पसरून तिनं एक गिरकी घेऊन दाखवली. त्या गिरकीवर आणखी हसू फुटलं.

मी विहीणबाईंकडे बघत होते. आता म्हणणार, इंग्रजीत सांग तिला. त्यांचे ओठ हललेसुद्धा. पण मॉरीन गिरकी घेऊन इतकी खूश उभी होती की त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. त्यांनी कुंकवाचं तबक उचललं. एकेकीला लावत गेल्या. त्या मॅनेजरबाईनं कपाळ पुढं केलं, डोळे मिटले. विहीणबाई तिच्यापुढून सरळ पुढच्या बाईकडे गेल्या. ती डोळे मिटून तशीच वाट बघत राहिली. तिनं डोळे उघडले तेव्हा खोलीत कुणी हसत नव्हतं.

भर हळदीकुंकवात सवाष्णीला कुंकवावाचून परत पाठवलं! आपल्याकडे यापुढं थोबाडीत मारलेली परवडली. ती बाई पर्स उचलून गेली, तिच्या मागून बाकीच्या गेल्या. लाडू तसेच राहिले.

नंतर भांडी घासताना विहीणबाई म्हणाल्या, "मी नवी होते तेव्हा कारखान्यात सगळे मला एका शब्दानं हाक मारायचे. मला वाटायचं, माझं नाव जमत नाही म्हणून लाडानं म्हणतात. मी हसून ओ द्यायचे. सगळे हसायचे, मीही हसायचे. कितीतरी दिवस. मग मॉरीननं मशीन बंद करून सांगितलं, ते तुझं नाव नाही, ती शिवी आहे. मी रडले आणि तिच्यावरच रागावले." त्यांनी कढई पालथी घातली. "तिनं मला सांगितलं हो. मला नाही सांगता आलं."

मंडळानं हळदीकुंकवावर बहिष्कार घातला असं कुणी म्हटलं नाही. कुणाला सर्दी झाली, कुणाची मीटिंग निघाली, कुणी लंडनला गेलं. या संक्रांतीला विहीणबाईंनी नेहमीइतकेच लाडू वळले, सतरंज्या घातल्या, खुर्च्या भिंतीला लावल्या. आम्ही दोघी बसून राहिलो. दाराची घंटा एकदाच वाजली. मॉरीन आली. हिरवी साडी तिनं स्वतःच नेसली होती, निऱ्या सगळ्या उलट्या. विहीणबाई त्या निऱ्यांवर रागावल्या नाहीत.

मॉरीननं रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं. विचारलं, "मुली कुठं आहेत?" एवढं इंग्रजी मला आता कळतं.

विहीणबाई म्हणाल्या, "स्नो. फार बर्फ आहे. गाड्या निघाल्या नाहीत."

जन्मभर ज्या बाईनं दुसऱ्यांना खरं बोलायला लावलं, तिला धड खोटंही बोलता येईना. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. रस्ता कोरडा होता आणि समोरचा माणूस गाडी धूत होता.

मॉरीननं खिडकीतून बाहेर बघितलं. मग म्हणाली, "हो गं. फारच पडतोय."

विहीणबाईंनी तिला कुंकू लावलं. हातावर लाडू ठेवला, तोंड उघडलं, पण नेहमीचे शब्द काही आले नाहीत. हळूच म्हणाल्या, "गोड बोला." मॉरीन लाडू मुठीत धरून उठली, खिडकीपाशी गेली आणि ऊन आत येऊ नये म्हणून तिनं पडदा ओढून घेतला.